लोव्हेलाचं खेचर

सकाळपासून आर्डिथ एका जागी बसली नव्हती. घेवडा करपल्याचा वास आला, तेव्हाही ती बाहेरच उभी होती, खाली ओढ्याकडे बघत.

वादळ आदळलं होतं लांब दक्षिणेच्या किनाऱ्यावर. रेडिओवर सांगत होते, त्याचा जोर ओसरलाय, आता उरलंय ते नुसतं पाणी, आणि ते सगळं या कॅरोलिनाच्या डोंगरांवर पडणार. दरीत अजून झिमझिमच होती. पण वरची रांग ढगात पार बुडाली होती आणि ओढ्याचं पाणी घटकेघटकेला गढूळ होत होतं.

ओढ्याच्या काठावर, वडिलांच्या सखल शेतात, धाकटी बहीण लोव्हेला ठोकळ्यांवर टेकवलेल्या पत्र्याच्या ट्रेलर-घरात एकटी राहायची. ते घर तिथे ठेवू नकोस म्हणून आर्डिथ भांडली होती, तेव्हापासून दोघींत जेमतेम बोलणं उरलं होतं. त्यात गेल्या वर्षी अशाच एका इशाऱ्यावर आर्डिथने तिला चर्चच्या सभागृहात नेऊन बसवलं आणि पाऊस काही आलाच नाही. गावभर हसं झालं ते लोव्हेलाचं.

आर्डिथने फोन केला. लोव्हेलाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला माझं घर इथे नकोच होतं. आता वादळाचं निमित्त मिळालं." फोन ठेवला.

आर्डिथ परत बाहेर आली. आत गेली. पुन्हा बाहेर आली. शेवटी गमबूट चढवून उतार उतरली. खाली ओल्या मातीचा आणि मोडक्या लाकडाचा वास येत होता. इथे झाडं मोडण्याएवढा वारा नव्हता. म्हणजे वर कुठेतरी दरड कोसळली होती.

लोव्हेला दार उघडेना. खिडकीतूनच म्हणाली, "जा गं बाई, मला विणायचंय."

आर्डिथची नजर कुंपणाशी बांधलेल्या खेचरावर गेली. बिशप नावाचं ते खेचर म्हातारं झालं होतं, कामाचं राहिलं नव्हतं, पण लोव्हेलाचा जीव होता त्याच्यावर. आर्डिथने दावं सोडलं आणि सरळ चढणीला लागली.

"ए, कुठे चाललीस त्याला घेऊन?"

आर्डिथने मागे पाहिलं नाही. दार आपटल्याचा आवाज आला. मग शिव्या. लोव्हेला घरातल्याच चपलांनी चिखल तुडवत मागे येत होती आणि आर्डिथ वाईट वाटत असूनही बिशपला ओढत होती. खेचर मध्येच थांबलं तेव्हा तिने त्याच्या ढुंगणावर जोरात चापटी मारली. त्यावर लोव्हेला आणखी खवळली.

सफरचंदांच्या बागेशी तिने आर्डिथला गाठलं, दंड धरला आणि खडसावलं, "वेड लागलंय का तुला?"

तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. दोघी वळल्या. ओढ्यातून पाणी येत नव्हतं, झाडं येत होती. पाणी झाडांच्या मागून आलं. त्याने कुंपण घेतलं, मग ट्रेलर-घर ठोकळ्यांवरून उचललं, सावकाश फिरवलं आणि वळणावरच्या खडकावर आपटलं. पत्रा कागदासारखा चुरगळला.

लोव्हेलाचा हात अजून आर्डिथच्या दंडावरच होता. ती म्हणाली, "माझा चष्मा आत राहिला."

"घेऊ नवा."

रस्ता वाहून गेला होता, तो दुरुस्त होईपर्यंत लोव्हेला आर्डिथकडेच राहिली. कॉफी पातळ होते म्हणून भांडली, खिडक्या उघड्या टाकल्या म्हणून भांडली. बहिणीने तुला वाचवलं असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "वाचवलं कसलं, माझं खेचर चोरलं."

वसंतात तिने नवं घर बांधायला काढलं. जागा बघायला तिने बोलावलं नव्हतं. आर्डिथ आपणहून गेली. डोंगराच्या खांद्यावरचा सपाट तुकडा होता, ओढा तिथून दिसतसुद्धा नव्हता. आर्डिथ चारही बाजूंनी फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

"इथे वारा फार लागेल तुला," ती म्हणाली.

"लागू दे," लोव्हेला म्हणाली, आणि घराच्या आखणीची खुंटी धरायला तिच्या हातात दिली.