साठ चेहरे

नाटक मंडळीचा एक नियम होता आणि तो नऊ वर्षांत एकदाही मोडला नव्हता. नाटक संपलं की नटांनी वाकून नमस्कार करायचा आणि लगेच प्रेक्षकांकडे पाठ करून उभं राहायचं. रंगमंचावर उजेड, सभागृहात अंधार. दाराशी जमिनीलगत एक मिणमिणता बल्ब, तेवढ्यावर लोक वाट काढत निघून जायचे. कोण आलं होतं ते कोणालाच कळायचं नाही. प्रयोगही दुपारी चारचा असायचा, कारण येणाऱ्यांपैकी बरेच जण घरी ऑफिसचं नाहीतर दवाखान्याचं निमित्त सांगून यायचे. नट क्वीअर, कोणी समलिंगी, कोणी पारलिंगी, आणि प्रेक्षकही बहुतेक तसेच. फरक एवढाच की नटांचं जगाला सांगून झालं होतं.

मंडळीतला शिंपी नाटकात राण्यांची कामं करायचा. तो म्हणायचा, लोकांना शेवटी माझी पाठच दिसते, म्हणून मी सगळं भरतकाम मागच्या बाजूला करतो.

दिवे सांभाळायची फ्यूज. एरवी ती पंखे-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. फ्यूज हे नाव तिला मास्तरने दिलेलं. मास्तर म्हणजे दिग्दर्शिका, पण बाई असूनही सगळे तिला मास्तरच म्हणत. सहा वर्षांपासून दोघींचा संसार एकच होता.

सभागृहाचं भाडं एक संस्था भरायची. या वर्षी संस्थेच्या मॅडमनी नवी अट घातली. काही मंडळ्यांनी रिकाम्या खुर्च्यांसमोर प्रयोग करून खोटे आकडे पाठवले होते, त्यामुळे आता प्रेक्षकांचा फोटो हवा होता, चेहरे दिसतील असा, आणि चेहरे किमान साठ. मॅडमचं म्हणणं चुकीचं होतं असं फ्यूजलाही म्हणता येईना. दर प्रयोगाला सत्तर-ऐंशी लोक येतात हे खरं होतं. ते सिद्ध करता येत नव्हतं, इतकंच.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मास्तरने विषय काढला. नट वळले की सभागृहाचे सगळे दिवे एकदम लावायचे, मॅडम फोटोग्राफरला घेऊन तयार असतील, लोकांचे डोळे दिपलेले असतानाच काम उरकेल.

"त्यांना न सांगता?" फ्यूजने विचारलं.

"सांगितलं तर थांबेल कोण?"

फ्यूजने कप खाली ठेवला. मंडळीत यायच्या आधी ती तीन प्रयोगांना खांबामागच्या खुर्चीत बसून गेली होती. ते मास्तरला माहीत होतं. तरी फ्यूज म्हणाली, "तेव्हा दिवा लागला असता, तर मी आज इथे चहा पीत नसते."

मास्तरने स्वतःचा कप विसळून ठेवला. मग तिने मंडळीतल्या एकेकाची गोष्ट काढली. लांबू म्हणजे मंडळीतला सगळ्यात उंच नट, त्याला दुसरीकडे कुठल्याच नाटकात काम देत नाहीत. शिंप्याला घर नाही, तो कपड्यांच्या खोलीतच झोपतो. हे सगळं एका फोटोपायी घालवायचं का, असं तिने विचारलं. मास्तरचं बरोबर आहे असं फ्यूजला वाटत राहिलं, तरी तिने होकार दिला नाही.

"स्विच तुझ्या हातात आहे," मास्तर शेवटी म्हणाली. "मीही नटांबरोबर पाठ करून उभी असेन."

प्रयोग रंगला. नटांनी नमस्कार केला आणि ते वळले. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला. फ्यूज मात्र स्विचपाशी न थांबता दिव्यांच्या खोलीतून बाहेर आली आणि शेवटच्या रांगेमागे उभी राहिली.

"मी फ्यूज. इथले दिवे मी बघते," ती म्हणाली. अंधारात तिचा आवाज तिलाच परका वाटला. "संस्थेला तुमचा फोटो हवाय, चेहऱ्यांसकट. नसला तर भाडं बंद होईल. दहा मिनिटांनी मी दिवे लावणार आहे. ज्यांना जायचंय त्यांनी आत्ता जा. आमचा राग नाही."

खुर्च्या वाजू लागल्या. चपलांचे आवाज बल्बपाशी जमले, विरळ झाले, थांबले. फ्यूजने घड्याळात दहा मिनिटं मोजली, वर आणखी दोन दिली आणि दिवे लावले.

सगळीकडे विखुरलेली माणसं डोळे चोळत होती. मधल्या रांगेतला एक तरुण शेजारच्या पोक्त गृहस्थाकडे पाहून ताडकन उठला. "साहेब, तुम्ही?"

"बसा हो," ते गृहस्थ म्हणाले. "आता उठून काय उपयोग?"

कॅमेरा तीनदा वाजला. मॅडमनी बोट फिरवत मोजलं.

"किती?" मास्तरने पाठ न वळवता विचारलं.

"सव्वीस."

"सव्वीसच लिहा."

मॅडम घुटमळल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून भाडं देता येणार नाही."

"माहीत आहे."

मॅडम गेल्या. फ्यूज दिवे घालवायला स्विचपाशी आली, पण कोणी उठेना. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने पदर सावरला आणि रंगमंचाकडे पाहून म्हणाली, "आता वळा की. आम्ही बसलोय इथं."

आधी शिंपी वळला, मग लांबू. मास्तर सगळ्यात शेवटी.