भावाने निवडलेलं पिस्तूल

ओलेटा स्टॅम्परला पिस्तूल घ्यायचंय ही बातमी गावात फुटली आणि तिला केस कापणं मुश्कील झालं. तिचा धंदाच फिरता. म्हाताऱ्या, आजारी, घराबाहेर न पडणाऱ्या बायकांच्या घरी जायचं, केस धुवायचे, कापायचे, कुरळे करून द्यायचे. आता रोलर्स लावून बसलेली प्रत्येक बाई आरशातून तिला सल्ला देऊ लागली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या मिसेस प्रॅटरने तर मांडीवरच्या गोधडीखालून स्वतःचं रिव्हॉल्व्हरच बाहेर काढलं. ओलेटाच्या हातातली कात्री पडता पडता राहिली. पाद्रीबुवांचं मत एक, गॅरेजवाल्याचं दुसरं. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं हा न्याय जगभर पोरांना लावतात. केंटकीच्या त्या डोंगरात तो पिस्तुलांनाही लागू होता.

निमित्त मे महिन्यातलं. भर दुपारी कोणीतरी ओलेटाच्या शेडमधले तांब्याचे नळ उपसून नेले. नेले ते नेले, पण जाताना त्या माणसाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्याकडे बघितलं आणि पळाला नाही. सावकाश चालत गेला. शेरीफचा माणूस यायला चाळीस मिनिटं लागली. ओलेटा एकसष्ट वर्षांची, नवरा रॉय जाऊन सहा वर्षं झालेली, आणि घर दरीच्या अगदी टोकाला. त्या दिवसापासून तिला भांडी घासतानाही खिडकीकडे पाठ करवत नव्हती.

तिचा थोरला भाऊ व्हर्लिन गावात राहायचा. त्याने दुसऱ्याच दिवशी येऊन निकाल दिला.

"एक तर माझ्याकडे राहायला ये, नाहीतर बंदूक चालवायला शीक. मधलं काही नाही."

"हे घर मी आणि रॉयने हाताने बांधलंय," ओलेटा म्हणाली. "मी इथून हलणार नाही."

"मग शनिवारी नेमबाजीला चल. सात पावलांवर कागदाची ताटली. पाचातल्या तीन गोळ्या ताटलीत बसल्या तर राहा इथे. नाही बसल्या तर मी ट्रक घेऊन येतो आणि तुझं सामान भरतो."

ओलेटाने हात पुढे केला आणि पैज लागली. बोलून चुकले हे तिला पुढच्या क्षणी कळलं, पण स्टॅम्परांच्या घरात दिलेला शब्द परत घ्यायची पद्धत नव्हती.

शुक्रवारी व्हर्लिनने एक डबी आणून टेबलावर ठेवली. आत छोटंसं, हलकंफुलकं रिव्हॉल्व्हर, पाच गोळ्यांचं. "बाईच्या हाताला साजेसं," तो अभिमानाने म्हणाला. "पर्समध्येसुद्धा कळणार नाही. मी स्वतः नऊ वर्षं असंच वापरतोय." आणि त्याने पँटच्या खिशावर थाप मारली. ओलेटाला भरून आलं. बायको गेल्यापासून या माणसाने स्वतःसाठी नवा शर्ट घेतला नव्हता, आणि तिच्यासाठी हे.

शनिवारी दोघं गावाबाहेरच्या बंदुकीच्या दुकानात गेले. मागे नेमबाजीची लांब खोली होती. काउंटरवर ट्वायला नावाची चाळिशीची दणकट बाई होती, शिकवायचीही तीच. तिने ओलेटाच्या कानांवर आवाज अडवायची टोपणं घातली, डोळ्यांना चष्मा लावला, आणि नळी सतत समोर, बोट चापाबाहेर, असं तीनदा बजावलं.

ओलेटाने पहिली गोळी झाडली आणि कोणीतरी तळहातावर हातोडा हाणल्यासारखं झालं. दुसरीला तिने डोळे मिटले. तिसरी तर छताच्या दिशेने गेली. पाचव्या गोळीनंतर ताटली जशीच्या तशी होती, कोरीकरकरीत. ओलेटाच्या अंगठ्याच्या सांध्यात ठणका लागला; तीस वर्षं कात्री चालवून ते सांधे आधीच कुरकुरत होते. ती रडायच्या बेतात होती. अंगठ्यासाठी नव्हे, घरासाठी.

"सामान कधी भरायचं?" व्हर्लिनने विचारलं. आवाजात त्याने दुःख आणायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

"जरा थांबा," ट्वायला म्हणाली. "हे कोणी निवडलं?"

"मी!"

"वाटलंच. दर शनिवारी एक तरी नवरा, बाप नाहीतर भाऊ हे घेऊन येतो. लहान बाई, लहान बंदूक. अहो, बंदूक जितकी हलकी तितका हाताला दणका जास्त. जड असली की दणका ती स्वतः सोसते. ही खिशात वागवायला सोपी आणि चालवायला सगळ्यांत अवघड."

"मी नऊ वर्षं वागवतोय!"

"वागवताय. शेवटची झाडली कधी?"

व्हर्लिनने छताकडे बघितलं. "घेतली त्या दिवशी."

"मग होऊन जाऊ दे," ओलेटा म्हणाली. तिला एकदम तरतरी आली.

व्हर्लिनने खिशातून आपलं रिव्हॉल्व्हर काढलं. त्यावर कापसाची लव, पेपरमिंटच्या गोळीचा चिकट कागद आणि हार्डवेअर दुकानाची पावती, एवढा संसार चिकटला होता. तो झाडून त्याने छाती पुढे काढली आणि पाच बार काढले. ताटलीच्या कडेला एक ओरखडा उमटला, तोही ट्वायलाच्या मते भिंतीवरून उडालेल्या कपचीचा. व्हर्लिन हात पाठीमागे नेऊन गुपचूप बोटं चोळू लागला.

"दुखलं का रे?"

"छे!"

"मग परत मार."

"गप बस, ओलेटा."

ट्वायला हसली नाही, पण पाठ वळवून बराच वेळ खोकली. मग तिने काउंटरवर चार पिस्तुलं मांडली. त्यातल्या दोन पिस्तुलांचा वरचा सरकता भाग ओलेटाच्या अंगठ्यांना मागे खेचताच येईना. तिसऱ्याची मूठ हातात मावेना. चौथं जरा मोठं, जरा जड, थोडी मवाळ गोळी घेणारं. त्याचा वरचा भाग मात्र ड्रॉवर उघडावा तसा सरकला.

"हे लपवू कुठे पण? पर्समध्ये?"

"पर्स खांद्यावरून ओढली की पिस्तूल चोराचं," ट्वायला म्हणाली. "कमरेला, झग्याच्या आत. पट्टा चांगला घ्या. आणि मिस ओलेटा, एक विचारते. कुठलं पिस्तूल घ्यावं हे सगळे विचारतात, हे कोणी विचारत नाही. तो खिडकीतला माणूस दार फोडून आत आला, तर चालवाल?"

ओलेटाला तो खिडकीतला माणूस आठवला. पोरगेलासा चेहरा होता त्याचा, गालफडं बसलेली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आधी कडी लावीन, मग फोन करीन, मग ओरडेन. त्यानंतरचं खरंच माहीत नाही. पण भिऊन घर सोडणार नाही, एवढं माहीत आहे."

"माहीत नाही म्हणणाऱ्यांना शिकवायला मला आवडतं," ट्वायला म्हणाली. "दर मंगळवारी यायचं. दोघांनीही."

तासभर सराव झाला आणि ट्वायलाने नवी ताटली लावली. ओलेटाने श्वास सोडला, चाप हळूहळू मागे घेतला. पहिली ताटलीत. दुसरी ताटलीत. तिसरी हुकली. चौथी ताटलीत, पाचवीही. चार! ओलेटाने पिस्तूल रीतसर खाली ठेवलं आणि मग जागच्या जागी नाचली, एकसष्टाव्या वर्षी, चष्म्यासकट.

व्हर्लिनने टाळ्या वाजवल्या. दोनच.

बाहेर ट्रकमध्ये बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"म्हणजे येत नाहीस."

"चार बसल्या, व्हर्लिन."

"दिसल्या मला." तो समोरच्या काचेकडे बघत होता. "मागची खोली रंगवून ठेवली होती. पिवळी. तुला तो रंग आवडतो म्हणून."

"इतक्यात कधी रंगवलीस?"

"मार्चमध्ये."

ओलेटाने मनातल्या मनात महिने मोजले. नळ चोरीला गेले होते मेमध्ये. मार्चमध्ये तिला कसलीच भीती नव्हती, आणि भावाच्या टेबलावर एकच ताट मांडलं जातं हे तिने एकदाही मनात आणलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"गाढवा," ती म्हणाली, "सरळ विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असतेच." तिने त्याच्या दुखऱ्या बोटांवर हात ठेवला. "गुरुवारी जेवायला ये. मंगळवारी इथून परतताना पण. आणि त्या खोलीत पलंग टाक. शनिवारी मुक्कामाला येईन मी. भावाकडे येईन, चोराला भिऊन नाही."