अंगठ्याची पारख

“एवढं घट्ट बांधू नका. पडलात तर सायकल अंगावर येईल,” बायको म्हणाली.

“आणि सैल बांधला तर मी पडेन, सायकल मजेत उभी राहील,” धारवाला म्हणाला. ओट्याला टेकून त्याने जुन्या ट्यूबच्या पट्टीने डावा पाय पेडलला आवळला. शर्टाची बटणं तिने आधीच लावली होती. त्याला उशीर होतो म्हणून ती लावते, असं दोघंही म्हणायची.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण झिजतं, वायरीवरचं प्लास्टिक झिजावं तसं.

“म्हणजे माझं वायरिंग गेलं,” तो म्हणाला. डॉक्टर हसले. बायको हसली नाही.

“सायकल चालवू?”

“चालवा. जमेल तोवर चालवा.”

घरी येईपर्यंत त्याने त्यातलं ‘जमेल तोवर’ गाळून टाकलं. बायकोने आठवण करून दिली नाही.

जमिनीवर त्याला दहा पावलांसाठी भिंत लागे. सीटवर बसला की मात्र तो तीस वर्षांपूर्वीचा होई. सायकलच त्याचं दुकान होती. स्टँडवर चढवायची, पट्टा सरकवायचा, पेडल मारायला लागायचं; मागच्या चाकाबरोबर पुढे नळीवर बसवलेला दगड फिरे. सुऱ्या, कात्र्या, विळे. दगडाला पारख नसते. ती त्याच्या उजव्या अंगठ्यात होती. पात्यावरून अंगठा आडवा फिरवला की धार किती आली ते त्याला नेमकं कळे.

शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या दारात तो थांबला. पाय सोडायचा, उतरायचं, स्टँड लावायचा, पुन्हा चढून पाय बांधायचा. ताई पुढे झाल्या तसा तो म्हणाला, “सायकलला हात नको, ताई. तिला परका हात चालत नाही.”

“बरं बाई. पाय कसाय, दादा?”

“ऐकत नाही. म्हणून बांधून आणलाय.”

ताईंनी मोठी कात्री दिली. त्यांच्या आईची. लग्नाच्या, बाळंतपणाच्या, शाळेच्या सगळ्या कपड्यांवरून फिरलेली. वर्षातून दोनदा ती त्याच्याकडे येई, दुसऱ्या कुणाकडे कधीच नाही.

त्याने पातं दगडाला लावलं. ठिणग्या उडाल्या. नजर पात्यापेक्षा डाव्या पायावर होती. पट्टी सुटतेय का, पाय घसरतोय का. अंगठा फिरवला. बोथट. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवला. बोथटच. जुनं पोलाद हट्टी असतं, असं मनाशी म्हणत त्याने आणखी जोर दिला. तिसऱ्यांदा अंगठा फिरवला.

“दादा! रक्त!”

त्याने हाताकडे पाहिलं. अंगठा चिरला गेला होता. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत गेलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं. मग त्याने पातं उजेडात धरलं. धारेच्या कडेने दोन बोटं लांब निळा पट्टा उमटला होता. पोलाद तापून जळलं होतं, त्याचं पाणी उतरलं होतं; आता त्यावर धार टिकणार नव्हती. असं करणाऱ्या धारवाल्यांची तो आजवर नक्कल करून लोकांना हसवत आला होता.

ताईंनी चिंधी फाडून अंगठा बांधला. मग त्याच्याकडे पाठ करून कात्री कापडाच्या तुकड्यावर चालवली. धारेची कात्री एका दमात, एका सुरात जाते. ही अडली, चघळली, पुन्हा अडली.

“छान लागलीय की,” ताई म्हणाल्या. तुकडा त्यांनी मुठीत दडवला होता.

“कान अजून शाबूत आहेत माझे, ताई.”

ताईंनी कात्री मिटली.

“आईची होती ना?”

“कात्रीच आहे हो, दादा.” त्यांनी ती मात्र दोन्ही हातांत धरून ठेवली.

त्याने पाय सोडला, उतरला, पिशवीतून पाना काढला. दगडाचा नट सैल करायला गेला तर बांधलेल्या अंगठ्यामुळे पकड बसेना. पाना दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा ताईंनी उचलला आणि न विचारता नट फिरवला. त्याने दगड कपड्याने पुसला, रक्ताचा डाग जाईपर्यंत पुसला, आणि आत जाऊन टेबलावर पसरलेल्या कापडाच्या कोपऱ्यावर ठेवला.

“बेतताना कापड सरकतं ना तुमचं. वजनाला होईल.”

“आणि तुम्ही काय करणार?”

“मी? डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलंय.” तो भिंतीला धरून दारापर्यंत आला. “जमेल तोवर.”

चढताना ताईंनी मागून सीट धरली. या वेळी त्याने अडवलं नाही. पाय बांधून होईपर्यंत त्या धरून उभ्या राहिल्या, मग हलकेच सोडलं.

दगडाशिवाय पुढचा भाग हलका झाला होता. हँडल दोनदा हेलकावलं, मग सरळ झालं. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी सुरी घेऊन दारात आली होती. तो थांबला नाही. चिंधी बांधलेल्या अंगठ्याने त्याने घंटी दाबली. दाबल्याचं कळलं नाही. वाजल्याचं ऐकू आलं.