एका रहिवाशाला असं वाटतं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक खोली उभी करा. पहिला मजला. खिडकीशी टेबल, टेबलावर काळा टाइपरायटर. शेजारी एक आडवं पिंप, त्याला फिरवायचा दांडा. शाईचा वास नाकात बसलेला. खालून, तळघरातल्या दुकानातून शिंप्याच्या मशीनची खडखड येतेय. खिडकीतून वाकून पाहिलं तर गल्लीच्या वरच्या टोकाला लाँड्री, तिच्या धुराड्यातून वाफ निघतेय. दिसलं? आता त्या खोलीत एक नऊ वर्षांची मुलगी उभी करा, कोपरापर्यंत काळे हात असलेली.

ती मी.

टाइपरायटरवर बसलेली माझी आत्या. दिवसभर ती कचेरीत साहेबांची पत्रं टाइप करायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःची मतं. दर गुरुवारी आमच्या गल्लीचं एकपानी साप्ताहिक निघायचं. कोणाची मांजर हरवली, कोणाकडे जुळं झालं, कोणती खोली भाड्याने द्यायची आहे, असं सगळं त्यात असे. अगदी शेवटी चौकटीत मजकूर यायचा, ‘एका रहिवाशाला असं वाटतं’. खाली नाव नाही. तो रहिवासी म्हणजे आत्या, हे गल्लीतल्या हरवलेल्या मांजरांनासुद्धा ठाऊक होतं.

रहिवाशाला पुष्कळ काही वाटायचं. बस थांबा सोडून दहा पावलं पुढे थांबते. वाचनालयातल्या घड्याळाला स्वतःचं मत आहे. पाव दर महिन्याला बारीक होतोय. आणि गंमत म्हणजे लोक आधी ती चौकट वाचत, मग वर जुळ्यांकडे वळत.

आत्याचा एक नियम होता. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याला ते छापण्याआधी वाचून दाखवायचं. त्याला उत्तरादाखल एक ओळ मिळायची. एकच, पण तो जशी सांगेल तशी, काना-मात्रा न बदलता चौकटीखाली छापायची. वाचून दाखवायला मी जायची आणि ओळ लिहून आणायची. बसच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं, “दहा नाही, सात.” बेकरीवाला पीठ झटकत म्हणाला होता, “पाव तोच आहे, रहिवाशाची भूक वाढली आहे.” ती ओळ टाइप करताना आत्या इतकी हसली की तीन अक्षरं चुकली.

अक्षर चुकणं तेव्हा सोपं नव्हतं, बरं का. एक पातळ, मेण लावलेला कागद यायचा, त्याला स्टेन्सिल म्हणत. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची आणि त्या कागदावर नुसत्या अक्षरांच्या खिळ्यांनी ठोकायचं. जिथे खिळा बसेल तिथलं मेण निघून जातं. मग तो कागद पिंपावर गुंडाळायचा, आत शाई, आणि दांडा फिरवायचा. शाई फक्त अक्षरांतून पाझरते आणि एकामागून एक पानं बाहेर पडतात. चूक झाली तर तिच्यावर लाल औषधाचा थेंब लावून फुंकत बसायचं. फुंकण्याचं कामही माझंच.

दोनशे पानं काढून झाली की स्टेन्सिल टाकून द्यायची. ती मी टाकत नसे. मी तिच्या होड्या करायची. शाळेतल्या वहीच्या कागदाची होडी दोन घरांपुढे जाईपर्यंत बुडायची. आमच्या कागदाची होडी मात्र बुडतच नसे. दर मंगळवारी दुपारी चार वाजता लाँड्रीवाले हौद मोकळे करत, गटार साबणाच्या फेसाने भरून वाहायचं, आणि माझी होडी त्यावरून डौलात जाऊन शिंपीकाकांच्या कोपऱ्यावर दिसेनाशी व्हायची. पुढे नदी, नदीपुढे समुद्र, असा माझा हिशोब होता.

एकदा मला वाटलं, एकेक होडी काय सोडायची? मी दोन महिन्यांच्या स्टेन्सिली जमवल्या. एका मंगळवारी नऊ होड्यांचं आरमार एकदम पाण्यात सोडलं. टाळ्या वाजवल्या आणि गृहपाठाला वर पळाले.

त्याच दुपारी शिंपीकाकांच्या दुकानात पाणी शिरलं.

त्यांचं दुकान रस्त्याच्या खाली तीन पायऱ्या. पाणी आलं ते पायऱ्यांवरून, आणि थेट कापडाच्या ताग्यांखाली. सगळी गल्ली बादल्या घेऊन धावली. मीही धावले. दोन तास पाणी उपसलं. काका कोणावर ओरडले नाहीत, नुसते मशीनवर बसून एका कोटाच्या ओल्या अस्तराकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. पण होड्या आणि पाणी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी आल्याच नाहीत. कागद पाण्यात विरघळतो, हे मी शाळेत शिकले होते. आमचा कागद विरघळत नाही, हे घरी शिकले होते. दोन्ही एकत्र मांडून बघायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी आत्याने चौकट लिहिली आणि मला वाचायला दिली.

‘मंगळवारी शिंप्याच्या दुकानात पाणी शिरले. कोपऱ्यावरची गटाराची जाळी तुंबली होती. जाळी साफ ठेवणे ज्याचे काम आहे, तो चौदा वर्षांत सुस्तावला आहे, असे या रहिवाशाला वाटते. वॉर्ड कचेरीने आमच्या गल्लीला दुसरा माणूस द्यावा.’

“आत्या, हे खराटामामांबद्दल?”

“त्यांच्याबद्दलच. शिंप्याचं बघितलंस ना काय झालं ते?”

“पण त्यांना काढून टाकतील.”

“काढणार नाहीत. बदली करतील.” आत्या चष्मा पुसत होती. “जा, सहाच्या आत ये.”

खराटामामा म्हणजे गल्ली झाडणारे. खरं नाव काय होतं, कोणीच विचारलं नसावं. पहाटे त्यांच्या खराट्याचा आवाज आला की घराघरात दिवे लागायचे. पाण्याच्या नळामागे त्यांची खोपटासारखी खोली होती, कामाबरोबर मिळालेली. काम गेलं की खोली जायची. मामींनी तिच्या दाराशी तेलाच्या डब्यांत फुलझाडं लावली होती आणि त्या डब्यांना बाहेरून निळा रंग दिला होता. वॉर्ड कचेरीत आमचं पान वाचतात, हे मला माहीत होतं. मागच्या वर्षी दिवेवाल्याबद्दल चौकट आली आणि पंधरा दिवसांत नवा दिवेवाला आला. जुना कुठे गेला, ते आम्ही छापलं नाही.

मामा दारात स्टुलावर बसून खराट्याच्या काड्या आवळून बांधत होते.

“काय बातमीदारबाई? आज कोणाची पाळी?”

“तुमची,” मी म्हटलं.

“अरे वा! अगं, ऐकलंस का? मी पेपरात!” त्यांनी आत हाक मारली. “वाच, वाच. मोठ्याने वाच, म्हणजे हिलाही ऐकू जाईल.”

मी हळू आवाजात वाचलं. मामांचे हात थांबले. आत भांड्यांचा आवाज चालू होता, तोही थांबला.

“परत वाच.”

मी परत वाचलं. ‘सुस्तावला’ या शब्दापाशी माझी जीभ अडली.

मामा उठले. दारामागून एक बादली आणली आणि माझ्यापुढे ठेवली. “जाळीतून निघालं ते हे. मंगळवारी रात्री हात घालून काढलं.”

बादलीत काळसर, चिकट गोळा होता. त्यांनी काडीने तो उलगडला. एक टोक दिसलं, मग घडी, मग होडीचं नाक. कागद अजून शाबूत होता. उजेडात धरल्यावर त्यातून अक्षरंही दिसली असती, आमचीच.

मी एक पाऊल मागे सरले.

“पानं असती, चिंध्या असत्या, तर मी म्हटलं असतं, चुकलं माझं,” मामा म्हणाले. “जाळी मी मंगळवारी सकाळी साफ केली होती. कागद एरवी कुजतो, वाहून जातो. हा बघ, फळीसारखा आडवा बसला.”

“कोणाचा आहे?” मी विचारलं. मुलांनो, असं विचारायची माझी हिंमत कशी झाली, मला अजून कळत नाही.

मामांनी माझ्या हातांकडे पाहिलं. रागाने नाही. कोपरापर्यंत शाई होती.

“असा कागद गल्लीत एकाच घरी येतो,” ते म्हणाले. “चल, माझी ओळ घे. लिही. ‘जाळी मी मंगळवारी सकाळी साफ केली होती.’ झालं.”

“आणि कागदाचं?”

“ते कशाला? तुझ्या आत्याने मला ओळ दिलीय ती माझ्याबद्दल बोलायला. दुसऱ्याबद्दल बोलून मी ती का वाया घालवू?”

आतून मामी म्हणाल्या, “तुम्ही ना, असेच बसा शहाणपणा करत! उद्या डबे डोक्यावर घेऊन कुठे जायचं ते तेवढं सांगा.” मामा खाली बसून पुन्हा काड्या आवळू लागले.

मी परत आले तेव्हा आत्याने स्टेन्सिल चढवली होती. चौकट टाइपही झाली होती. “काय म्हणाले?”

मी चिठ्ठी दिली. तिने वाचली. “हं. म्हणणारच.” आणि ती ओळ ठोकायला लागली. जा-ळी-मी.

“आत्या, थांब.”

“चुकलं? कुठे?” तिचा हात सवयीने लाल बाटलीकडे गेला.

“सगळंच,” मी म्हटलं आणि रडायला लागले. हुंदक्यांतून तिला होड्या कळल्या, आरमार कळलं, बादली कळली. सांगून झाल्यावर मी मार खायच्या तयारीने उभी राहिले.

आत्याने मारलं नाही. खुर्ची मागे सरकवून तिने खिडकीबाहेर पाहिलं. कोपऱ्यावरची जाळी त्या खिडकीतून स्पष्ट दिसत होती.

“वीस पावलं आहेत इथून,” ती म्हणाली. “कालपासून मी एकदाही खाली उतरून त्या जाळीत डोकावले नाही. इथे बसल्या बसल्याच मला वाटलं.” मग तिने स्टेन्सिल यंत्रातून ओढून काढली, चर्रकन फाडली आणि नवी चढवली.

“काय लिहिणार?”

“रहिवाशाची चूक झाली, असं. खराटामामांची माफी, आणि वॉर्ड कचेरीला स्पष्ट, की आम्हाला दुसरा माणूस नको. रद्दी आमच्या घरची होती, मी ती सांभाळायला हवी होती, हेही.” तिने माझ्याकडे पाहिलं. “हे माझं झालं. तुझं मी लिहिणार नाही.”

“मग माझं?”

ती टाइप करू लागली. टाइपरायटरचा आवाज आला की मला आजही ती पाठ दिसते, किंचित वाकलेली, मानेवर शाईचं एक बोट. तिच्यासारखं चूक कबूल करणारं माणूस मला पुढे फार वेळा भेटलं नाही. पण त्या क्षणी मला ती कठोर वाटली. पान उद्या सकाळी निघणार होतं, त्यात माझं नाव नसणार होतं. मी गप्प बसले असते तर गल्लीला कधीच कळलं नसतं.

खालून मशीनचा आवाज येत नव्हता.

मी जिना उतरले, रस्त्यावरून त्या तीन पायऱ्या उतरून दुकानात गेले. शिंपीकाका एकटेच होते. गढूळ पाण्याचे डाग काढायला त्यांनी राखाडी कापडाचा एक लांब तागा पुन्हा धुतला होता आणि तो पिळायची खटपट चालली होती. एका टोकाला पीळ दिला की दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं.

“काय गं, आज माझी पाळी की काय?” त्यांनी विचारलं.

मी हात फ्रॉकला खसखसून पुसले, ताग्याचं लोळणारं टोक उचलून घट्ट धरलं, आणि पिळता पिळता त्यांना पहिल्या होडीपासून सांगायला सुरुवात केली.