मुख्य चालक

भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाइपच्या कारखान्यात खरेदी अधिकारी आहेत. हे कुणी विचारायची वाट ते बघत नाहीत. दुकानात, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, समोरचा जरा मोकळा सापडला की ते सांगायला लागतात, की आपण आयुष्यभर विक्रेत्यांना समोर बसवून घाम फोडला आहे आणि आपल्याला टोपी घालणारा अजून जन्माला यायचा आहे. ताई अशा वेळी पर्समध्ये काहीतरी शोधत असते. ती नवऱ्यापुढे दबून असते असं मी बरीच वर्षं समजत होते.

मागच्या वर्षी आईला मावशीकडून आणायला आम्ही तिघं निघालो. मावशी डोंगरातल्या एका लहान गावात राहते. आगगाडी खालच्या शहरापर्यंतच जाते, पुढे बस, आणि बसच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. म्हणून गाडी भाड्याने घ्यायची ठरली आणि ते काम अर्थातच भावोजींनी अंगावर घेतलं. इंटरनेटवर सगळ्यात स्वस्त दिसली ती गाडी त्यांनी ठरवली आणि तो आकडा भेटेल त्याला ऐकवला.

"एवढ्या स्वस्तात देतात, मग ते कमावतात कशातून?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक मूर्ख असतं त्यातून," भावोजी म्हणाले. एवढं खरं ते क्वचितच बोलतात.

आगगाडीत मी मोबाइलवर त्या कंपनीच्या अटी वाचल्या. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड लागेल आणि ते मुख्य चालकाच्याच नावावर हवं, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते भावोजींना दाखवलं. क्रेडिट कार्ड म्हणजे उधारीची चटक, असं त्यांचं मत आहे, त्यामुळे त्यांच्याकडे ते नाही. त्यांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. "लिहिलेलं खूप असतं. माणसाशी बोललं की सगळं होतं."

ताई खिडकीतून बाहेर बघत होती.

गाड्यांचं ऑफिस स्टेशनच्याच इमारतीत होतं, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या टपरीच्या आणि स्वच्छतागृहाच्या मधोमध. काउंटरमागे एक तरुण माणूस उभा होता. केस चापून बसवलेले, गळ्यात कंपनीच्या रंगाचा टाय, आणि चेहऱ्यावरून हात फिरवला तर घसरेल असं हसू. मी मनातल्या मनात त्याचं नाव गुळगुळीत ठेवलं. पुढे तेच कायम झालं.

गुळगुळीतने आमच्याकडे एकदा बघितलं आणि सावज कोण ते ओळखलं. "सर, तुम्ही व्यवसायात आहात ना? बोलण्यावरून कळतं."

भावोजी तोवर फक्त "नमस्कार" म्हणाले होते. पण ते फुलले. "खरेदी," ते म्हणाले.

"मग तुम्हाला मी काय सांगणार," गुळगुळीत म्हणाला आणि सांगायला लागला.

आधी कार्डाचं झालं. भावोजींचं डेबिट कार्ड त्याने दोन बोटांत धरून परत दिलं. हे चालणार नाही, सर. भावोजींनी माणसाशी बोलून बघितलं. मॅनेजरला बोलवा म्हणाले, आम्ही मोठ्या ऑर्डरी देणारी माणसं आहोत म्हणाले. गुळगुळीत प्रत्येक वाक्याला मान डोलावत राहिला आणि कार्ड तिथंच पडून राहिलं. मागे रांग वाढत होती.

तेव्हा ताईने पर्समधून एक कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

"हे कधी काढलंस?" भावोजींनी विचारलं.

"झाली काही वर्षं."

"मग मुख्य चालक मॅडम होतील," गुळगुळीत म्हणाला. "मॅडमकडे लायसन्स आहे?"

ताईने तेही काढलं. लग्नाआधी ताई आमच्या बाबांच्या बेकरीची व्हॅन चालवायची. पहाटे पाव घेऊन सगळ्या गावात फिरायची, अरुंद बोळातून ती व्हॅन उलटी बाहेर काढायची. लग्न झाल्यावर भावोजींनी एकदाच तिच्या हातात गाडी दिली, चौकात पोचायच्या आत "क्लच जाळशील" म्हणून काढून घेतली, आणि विषय संपला. तिने लायसन्सची मुदत वेळच्या वेळी वाढवून घेतलेली असेल, हे मलाही माहीत नव्हतं.

"सरांना दुसरा चालक म्हणून घालू. त्याचा रोजचा थोडासा आकार आहे," गुळगुळीत म्हणाला आणि त्याने मोर्चा पुन्हा भावोजींकडे वळवला. "आता विम्याचं बोलू. गाडीचा साधा विमा आहेच, सर, पण नुकसान झालं तर पहिली मोठी रक्कम तुमच्या खिशातून जाते. गेल्याच आठवड्यात एक कुटुंब आलं होतं. पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं. त्या बाई इथेच उभ्या राहून रडत होत्या."

मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. महागाचं कोटिंग कसं खपवायचं ते आम्हाला शिकवलेलं आहे. "शेवटी डोळ्यांचा प्रश्न आहे" एवढंच म्हणायचं आणि मग गिऱ्हाईकाच्या चेहऱ्याकडे बघत गप्प राहायचं. गुळगुळीत आता तसाच गप्प राहिला. आमच्या दुकानात निदान जरा बऱ्या अभिनयाची अपेक्षा असते.

पण भावोजींना तेवढा पुरला. "शेवटी मनःशांती महत्त्वाची," ते म्हणाले. विक्रेत्यांना आयुष्यभर घाम फोडणारा हा माणूस एका टायवाल्यापुढे चार मिनिटं टिकला नाही. "पूर्ण संरक्षण टाका."

"टायर आणि काच वेगळी असते, सर. तीही टाकतो. आणि घाट चढायचा तर एक वरची गाडी..."

"नको," ताई म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू काउंटरच बोललं.

"काय नको, मॅडम?"

"विमा नको. वरची गाडीही नको. ठरवली ती द्या. विमा मी बाहेरून घेतलाय, परवाच." तिने मोबाइल दाखवला. गुळगुळीत जेवढे एका दिवसाचे मागत होता, तेवढ्यात तिने सगळ्या प्रवासाचा विमा घेतलेला होता.

"हा आमच्याकडे चालत नाही, मॅडम." हसू किंचित घसरलं.

"तुमच्याकडे चालवायचाच नाहीये. तुम्ही माझ्याकडून कापलेत तर मी त्यांच्याकडून मागेन."

"मग अनामत जास्त अडकून राहील."

"राहू दे."

"ते पैसे तुम्हाला लगेच परत..."

"माहीत आहे. गाडी परत केली की सुटतात."

गुळगुळीतने भावोजींकडे असा चेहरा करून बघितलं, की बायकांचं असंच असतं, नाही का सर. आणि भावोजींनी तो चेहरा झेलला. "अगं, लोक थांबलेत मागे," ते म्हणाले. "घेऊन टाक ना. मी सांगतोय."

गुळगुळीतने टॅबलेट पुढे सरकवून "इथे सही, आणि इथे" म्हटलं, तेव्हा ताई वाचायला लागली. सावकाश, एकेक ओळ. रस्त्यावरच्या मदतीची सेवा आपोआप टिक करून ठेवलेली होती, ती तिने काढायला लावली. टाकीभर पेट्रोलचे पैसे आधीच धरलेले होते, तेही काढायला लावले. "भरलेली घेऊ, भरलेली देऊ." मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"दुसरा चालक पण काढा."

"मग मी?" भावोजींनी विचारलं.

"तुम्ही बसा की. मी चालवते."

भावोजींनी मागच्या रांगेकडे पाहिलं. लोकांसमोर बायकोशी वाद घालावा, तर आपलं नाव गाडीवर नाही हे रांगेला कळणार. त्यांनी बॅगा उचलल्या आणि दरवाज्याकडे चालायला लागले. मला त्यांची कीव येईल असं वाटलं होतं. आली नाही.

गाडी तळघरात होती. तिथल्या माणसाने टॅबलेटवरचं गाडीचं चित्र दाखवलं आणि सही मागितली. चित्रात गाडी नव्या नवरीसारखी होती. ताईने मोबाइलचा टॉर्च लावला, आधी नंबरप्लेटवर धरला आणि व्हिडिओ काढत चारी बाजूंनी फिरली. दरवाज्यावरचा ओरखडा आणि मागच्या चाकाचा घासलेला काठ तिने त्या माणसाला लिहायला लावला. मग ती खाली वाकली. पुढच्या बंपरच्या पोटाशी लांबच लांब खरवडलेलं होतं.

"हे पण लिहा."

"ते मोजत नाहीत, मॅडम. खालचं कुणी बघत नाही."

"कुणी बघत नसेल तर लिहायला काय जातंय?"

"चित्रात खालची बाजूच नाहीये. कुठे लिहू?"

"बरं," ताई म्हणाली. व्हिडिओ चालूच होता.

भावोजी पुढच्या सीटवर बसले. पहिला तासभर त्यांनी आपल्या बाजूला नसलेला ब्रेक दाबला. गिअर बदल, हॉर्न दे, ट्रकच्या मागे राहा, ट्रकच्या मागे कशाला राहतेस. घाट सुरू झाला तसा आवाज कमी झाला. वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला खोल दरी, आणि ताई लोण्यातून सुरी फिरवावी तशी गाडी नेत होती. चहाला थांबलो, त्यानंतर ते मान अवघडली म्हणून मागे जाऊन झोपले. मी पुढे बसले. ताई गुणगुणत होती. तिला असं गुणगुणताना मी बेकरीनंतर ऐकलं नव्हतं.

मावशीच्या दारात ताई गाडीतून उतरली, तर आई धास्तावली.

"जावईबापूंना बरं नाहीये का?"

"बरं आहे की."

"मग तू का चालवलीस?"

"कार्ड माझं होतं," ताई म्हणाली. आईला काहीच कळलं नाही. तिने जावईबापूंसाठी आल्याचा काढा करायला घेतला, आणि भावोजींनी तो आजाऱ्यासारखा प्यायलासुद्धा.

परत येताना ताईने स्टेशनजवळच्या पंपावर टाकी भरली. "जराशी कमी असली तरी चालते," भावोजी मागून म्हणाले. तिने पावती घडी करून ठेवली.

तळघरात गाडी बघायला या वेळी एक बाई आली, हातात टॉर्च. तिने दरवाजे बघितले नाहीत, काच बघितली नाही, चाकं बघितली नाहीत. ती सरळ पुढच्या बंपरपाशी गेली आणि गुडघ्यावर बसली. कुठे वाकायचं ते तिला पाठ होतं. तो ओरखडा म्हणजे त्यांची दुभती म्हैस होती. आमच्याआधी किती जणांनी त्याचे पैसे मोजले असतील, देव जाणे.

तिने फोन केला आणि गुळगुळीत खाली आला. या वेळी चेहरा सुतकी होता. तो ताईशी बोललाच नाही, थेट भावोजींकडे गेला. "सर, मी तुम्हाला म्हणालो होतो."

आणि भावोजी ताईकडे वळले. "सांगत होतो ना मी, घेऊन टाक म्हणून? आता भर. स्वतःच्या डोक्याने चालायचं म्हटलं की असं होतं."

आई माझा दंड धरून उभी होती. लुबाडणारा माणूस निदान पगारासाठी लुबाडत होता. पण आपल्याच बायकोची चूक निघाली म्हणून चेहरा उजळणारा माणूस मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघत होते. मी काहीतरी बोलणार होते, पण ताईने मोबाइल गुळगुळीतच्या नाकापुढे धरला.

आधी नंबरप्लेट दिसली. मग दरवाजा, चाक, बंपर, टॉर्चचा उजेड, ओरखडा. आणि आवाज: ते मोजत नाहीत, मॅडम. खालचं कुणी बघत नाही.

टॉर्चवाली बाई भिंतीकडे बघायला लागली.

"ठीक आहे, मॅडम," गुळगुळीत म्हणाला. "या वेळी सोडून देतो."

"सोडून देऊ नका. गाडीला नवीन नुकसान नाही, टाकी भरलेली आहे आणि अनामत मोकळी केली, असं लिहून द्या. आम्ही थांबतो."

त्याने लिहून दिलं. त्याची सही फार सुंदर होती.

आगगाडीत भावोजींनी आईला सगळं समजावून सांगितलं. या कंपन्यांसमोर ठाम उभं राहावं लागतं. एकदा त्यांना कळलं की समोरचा माणूस पक्का आहे, की गुमान लिहून देतात. आई मान डोलवत होती. ताई त्यांच्यासाठी संत्रं सोलत होती.

हात धुवायला ती उठली, तशी मीही मागोमाग गेले. "तुला काहीच कसं वाटत नाही? तो माणूस तुझ्यावर उलटला तिथे."

"वाटायचं पूर्वी," ती साबण लावत म्हणाली. "भांडायचे, समजावायचे. आपला माणूस सुधारेल असं वाटतं तोवर राग येतो."

"आणि आता?"

"आता संत्रं सोलून देते. तोंड भरलेलं असलं की बोलत नाहीत."

ती हे हसून म्हणाली नाही. मी भावोजींना नावं ठेवते, माघारी नकला करते, घरी जाऊन नवऱ्याला रंगवून सांगते. तिने त्यांच्यावर तेवढासुद्धा राग खर्च केलेला नव्हता. मला त्याची धास्ती वाटली.

पंधरवड्याने तिच्या कार्डावर गाडीच्या साफसफाईचे म्हणून पैसे पडले. तिने बँकेकडे तक्रार केली, गुळगुळीतने लिहून दिलेला कागद जोडला, आणि महिन्याभरात पैसे परत आले. सोबत कंपनीचं पत्र होतं, की आमची चूक नसतानाही निव्वळ सदिच्छा म्हणून ही रक्कम परत करत आहोत.

मावशीला भेटायला ती आता एकटीच जाते. दुसऱ्या कंपनीची गाडी घेते, येताना मावशीच्या अंगणातली लिंबं आणते. भावोजी म्हणतात, तिला ड्रायव्हिंगची सवय व्हावी म्हणून आपणच आग्रह धरला होता. पाहुणे कौतुक करतात. ताई लिंबाचं सरबत घेऊन येते आणि सगळ्यांत आधी त्यांच्या हातात देते.