कोपऱ्यावरचा दगड

टपरी तयार होऊन अंगणात भाताच्या तणसाच्या ढिगाशेजारी उभी होती, आणि कोंबड्यांनी तिच्या छपरावर मुक्काम ठरवून टाकला होता. खाद्यपदार्थ विकण्याची नोंदणी पुष्पांजलीने मोबाइलवरून केली होती. अडलं होतं ते ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर. तो मिळाला तर बाजारपटांगणाच्या कोपऱ्यावर तिची कॉफी. नाही मिळाला तर पुन्हा नागपूर, पाण्याचे नमुने तपासण्याची कंत्राटी नोकरी, तीही आता परत मिळेल याची खात्री नव्हती.

कोपरा तिने विचार करून निवडला होता. कामठ्याकडे जाणारी एसटी तिथेच थांबते. बसची वाट पाहणाऱ्यांतले किती जण चहासाठी रस्ता ओलांडतात, कॉलेजची पोरं किती वेळ उभी राहतात, हे तिने आठवडाभर समोर बसून पाहिलं होतं. जागा बरोबर होती.

"कॉफी?" ग्रामसेवक दुर्गाप्रसाद यांनी अर्ज लांब धरून वाचला. "देखो बेटा, इथला माणूस चहात साखर कमी पडली तर भांडतो. कडू पाणी कोण पिणार?"

"पोरं पितात, सर. गोंदियाला जाऊन पितात."

"मग गोंदियालाच लाव ना!" ते स्वतःच हसले, मग अर्ज खाली ठेवला. "नकाशा जोड, लांबी-रुंदी घालून. जागेचा फोटो जोड. आणि जागा खाली पाहिजे, रिकामी. खाली म्हणजे एकदम खाली. सभेत कोणी हरकत घेतली तर माझ्या हातात काही नाही."

ती टेप घेऊन गेली तेव्हा बाजाराचा दिवस नव्हता. पटांगणात चिटपाखरू नव्हतं, फक्त दगडांची लांब रांग होती. कुठे नदीतला गोटा, कुठे फुटक्या जात्याची तळी. बाजाराच्या दिवशी सावलीचं पाल उडू नये म्हणून हे दगड असतात, असं ती लहानपणापासून समजत आली होती. तिच्या घरचं धान सोसायटीत जात असे. बाजार तिने कायम घेणाऱ्यांच्या बाजूने पाहिला होता.

कोपऱ्यावरचा दगड काळा आणि चपटा होता, झिजलेल्या पाट्याचा अर्धा तुकडा. आधी तिने तो टेपच्या टोकावर वजन म्हणून ठेवला. मोजून झाल्यावर फोटोत यायला नको म्हणून उचलून नालीपाशी नेऊन टाकला. त्याच्या जागी मातीत हुबेहूब त्याच्याच आकाराचा खळगा होता, घट्ट आणि ओलसर. एक गोम सळसळत निघून गेली. इतका खोल ठसा उमटायला किती वर्षं लागत असतील, असा प्रश्न तिला पडला, आणि तो गमतीचा वाटला. मग तिने पायाने माती सारून खळगा बुजवला आणि फोटो काढला.

बाजाराच्या दिवशी ती वांगी घ्यायला गेली. रांगेत कोपऱ्यापासून दुसरी जागा कुंदाबाईची. ती वांगी तोलत होती, तेवढ्यात धुरपताबाई डोक्यावर टोपलं घेऊन आली. लाखोळीची डाळ, जवस आणि मोहफुलं विकणारी ही म्हातारी कोपऱ्यावर बसते, हे पुष्पांजलीला माहीत होतं. पण रोज कुठे बसते, आठवड्यातून एकदाच तर, असं तिने मनाशी धरलं होतं. टपरी आली की आजी थोडी बाजूला सरकेल.

धुरपताबाईने टोपलं उतरवलं नाही. जमिनीकडे पाहिलं. मग नालीकडे पाहिलं.

"कुंदे, मी मेलो का वो?"

कुंदाबाई हसली. "मेली असतीस तं काल माह्या घरी भाजी मांगाले कोन आलती, भूत?" मग तिचंही लक्ष नालीकडे गेलं आणि ती गप्प झाली. तिच्या पलीकडच्या बायाही गप्प झाल्या. धुरपताबाईने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग ती भरलेलं टोपलं घेऊन आली तशी निघून गेली.

"आजी काऊन गेल्या?" पुष्पांजलीने विचारलं.

"तुले काय मालूम, तुमचं सोसायटीचं काम." कुंदाबाईने वांगी पिशवीत टाकली. "दगड म्हंजे मानूस. मानूस गेला का घरचे येतात, दगड उचलून नालीपाशी ठेवतात. एक बाजार जागा खाली राहाते. मंग आमी सारेच सरकतो."

"आणि माणूस असताना दगड उचलला तर?"

"जित्या मानसाचा दगड कोन उचलते?"

पुष्पांजलीच्या हातात पिशवी होती, तिचे बंद तिने बोटांवर गुंडाळले. "मी उचलला. मोजायला."

कुंदाबाईने तिच्याकडे पाहिलं. "मंग तिले सांग जाऊन. मले कायले सांगून राहिली?"

संध्याकाळी ती धुरपताबाईकडे गेली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून थर्मासमध्ये कॉफी नेली. म्हातारी ओसरीवर डाळ पुन्हा डब्यात भरत होती. पुष्पांजलीने सगळं सांगितलं, टेपचंसुद्धा.

"पंचायतीनं उठवलं असतं तं भांडलो असतो," धुरपताबाई म्हणाली. "त्या जागी माही सासू बसे. तिचा दगड मीच उचललो होतो. मंग माहा पाटा फुटला, त्याचा तुकडा ठेवलो."

"मी परत ठेवते, आजी. अर्जही मागे घेते."

"ठेवशीन. पन मी साऱ्याइच्या समोर विचारलो ना, मेलो का म्हनून. कुंदी हासली, मंग चूप बसली. 'नाही मेली' असं कोनीच नाही म्हनलं." तिने डब्याचं झाकण लावलं. "काय आनली थे?"

कॉफी तिने हळूहळू पूर्ण प्यायली. "कडू हाय," म्हणाली, कप स्वतः विसळला आणि पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी पुष्पांजली अर्ज मागे घ्यायला गेली, तर सभा होऊन गेली होती. कोणी हरकत घेतली नव्हती. "कोण घेणार? फोटोत जागा एकदम खाली," दुर्गाप्रसाद म्हणाले आणि दाखल्यावर शिक्का मारला.

"सर, दुसरी जागा मिळेल का?"

"नवी जागा, नवा अर्ज, नवी सभा. आणि रस्त्याला लागून दुसरी जागा आहे कुठे? लोक या कागदासाठी चपला झिजवतात बेटा, तू परत करून राहिली?"

तिने दाखला पिशवीत ठेवला. पटांगणात जाऊन खळग्यातली माती हाताने उकरली आणि दगड बसवला. तो थोडा हलत होता. कडेने माती दाबली तरी हललाच.

पुढच्या बाजाराला कोपरा रिकामा राहिला. दगडाला कोणी हात लावला नाही. पुष्पांजली दुपारपर्यंत एसटीच्या थांब्यावर उभी होती. धुरपताबाई आली नाही.

त्याच्या पुढच्या बाजाराला कोपऱ्यावर कुंदाबाई होती. सगळी रांग एकेक जागा सरकली होती. पाट्याचा तुकडा पुन्हा नालीपाशी होता.

"आजी जिवंत आहेत," पुष्पांजली म्हणाली.

"हाय ना. परवा माह्या घरी येऊन बसली होती. तिनंच सांगतलं, सरका म्हनून." कुंदाबाईने पानकोबीवर पाणी शिंपडलं. "अन् तुही टपरी?"

"या जागेचा दाखला मिळाला आहे."

"मंग आन." तिच्या आवाजात राग नव्हता. भाव सांगावा तशी ती बोलत होती. "उठवशीन का मले? तिकडे रांगीच्या शेवटी जागा खाली झाली. थेथं ठेव."

रांगेचा शेवट पार मागे होता, बैलांच्या हौदापाशी. तिथून रस्ता दिसतही नाही.

एसटी यायला वेळ होता. कॉलेजची पोरं नेहमीसारखी थांबली, मग चहासाठी रस्ता ओलांडून गेली. पुष्पांजली घरी आली. तिचे बाबा देवचंद अंगणात बसून फावड्याचा दांडा ठोकत होते.

"काऊन वो पुष्पे, टपरी कधी हलवाची? टॅक्टरवाला इचारून राहिला. कागद भेटला ना?"

"भेटला," ती म्हणाली, आणि टपरीच्या सावलीत बसून मोबाइलमध्ये नागपूरच्या नोकरीचा नंबर शोधू लागली. वर छपरावर कोंबड्या नखांनी पत्रा खरवडत होत्या.