चाबी फिरवायची राहिली

मित्रांनो, मी अमरची मोटारसायकल. माझ्या टाकीवरचे लांब ओरखडे पाहून लोक विचारतात, "कुठे पडली होती ही?" मी पडले नव्हते. मला अस्वलाने पाडलं होतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी आरशासारखी चकचकीत होते. गडचिरोलीच्या दुकानातून अमरने मला आलापल्लीजवळच्या त्याच्या गावी आणलं. त्याच्या आईने, कुंताबाईने, मला हळदकुंकू लावलं. अमर तळ्यात मासे धरायचा आणि पाटीत बर्फ घालून माझ्यावरून गावोगाव विकायचा. माशांचं पाणी माझ्या मागच्या चाकावर ठिबकत राहायचं, वास कायमचा अंगात मुरला. पण संध्याकाळी तो मला तळ्याकाठी धुवायचा आणि म्हणायचा, "माही रानी हाय हे." तेव्हा मला त्या वासाचंही काही वाटायचं नाही.

अमर मनाचा चांगला, पण तापट आणि सदा घाईत. माझ्या उजव्या मुठीजवळ एक लाल बटण आहे. गाडी कोसळली, हात चाबीपर्यंत पोचत नसला, तर इंजिन झटकन थांबावं म्हणून ते दिलेलं असतं. अमर मात्र रोज तेच दाबायचा आणि उडी मारून चालू लागायचा. इंजिन गप्प व्हायचं, पण मी झोपत नसे. चाबी चालूच असायची, मीटर उजळलेला, मागचा दिवा पेटलेला, आणि बॅटरीतली वीज थेंबाथेंबाने गळत असायची. मला किक नाही. बॅटरी गेली की मी नुसतं लोखंड.

त्याची बायको डिंपल हे रोज पाहायची. "अवो, चाबी तं फिरवा जी! दिवा जळूनच राह्यला," ती ओट्यावरून ओरडायची.

"गाडी बंद झाली ना? मंग काऊन डोकं खाऊन राह्यली?"

मग ती स्वतः येऊन चाबी फिरवायची. ती होती म्हणून माझी बॅटरी इतके दिवस टिकली.

मोहाचा हंगाम आला. फुलं वेचायला दोघं उजाडायच्या आत निघाली. नाल्यापलीकडच्या मोठ्या मोहाखाली पिवळ्या फुलांचा सडा पडला होता. अमरने अंगठ्याने लाल बटण दाबलं, कुऱ्हाड घेतली आणि पुढे गेला. डिंपलच्या डोक्यावर टोपल्या होत्या. त्या दिवशी तीही विसरली.

ऊन वर आलं. टोपल्या भरत आल्या. माझ्या मीटरवरचा उजेड हळूहळू पिवळा पडला. मला हाक मारता येत नव्हती.

अस्वल झुडपातून आलं, पाठीवर पिल्लू घेऊन. डिंपल वाकलेली होती. तिने मान वर केली तेव्हा ते मागच्या पायांवर उभं राहिलं होतं. पिल्लू खाली घसरलं आणि आईने झेप घेतली. पहिला पंजा डिंपलच्या चेहऱ्यावर बसला. कपाळापासून गालापर्यंतची कातडी सोलून खाली लोंबली. तिने हात आडवा घातला, तर अस्वलाने तो दातांत धरून झटकला. हाड मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला.

"सोड! सोड तिले!" अमर किंचाळत आला. त्याने कुऱ्हाड अस्वलाच्या खांद्यात घातली. रक्ताची चिळकांडी उडाली. ते गर्रकन त्याच्यावर वळलं. तो पळत माझ्या आड आला आणि भोंगा दाबला. माझ्या घशातून नुसती घरघर निघाली. अस्वल माझ्यावर आदळलं. टाकीवर नखं ओढली गेली, सीट फाटली, मी आडवी झाले. अमरने उठून त्याच्या नाकाडावर कुऱ्हाडीचा घाव घातला, पुन्हा घातला. ते डरकाळत मागे हटलं आणि पिल्लामागे झाडीत घुसलं.

अमरने मला उभं केलं. लाल बटण वर केलं, सेल्फ दाबला. टक्. पुन्हा टक्. फोनला रेंज नव्हती. त्याने माझ्या पोटात लाथा घातल्या, दगडाने आरसा फोडला. "मरतेस काऊन आत्ताच? चाल ना!"

"गाडीले मारू नोका," डिंपल जमिनीवरून म्हणाली. तिच्या तोंडात रक्त भरलं होतं. "ढकला."

त्याने तिच्या लुगड्याच्या पदराने तिचं डोकं आवळून बांधलं, तिला सीटवर टाकलं आणि ढकलू लागला. नाल्याच्या वाळूत माझी चाकं रुतली. खांदा लावून, रडत, शिव्या देत त्याने मला वर काढलं. तिचं रक्त माझ्या थंड इंजिनावर ठिबकत होतं. पलीकडे उतार होता. तो तिच्यापुढे बसला, तिचा धड हात आपल्या कमरेला आवळून धरला, दुसरा गिअर टाकला, उतारावर क्लच सोडला. बॅटरीत कुठेतरी थोडी धुगधुगी उरली होती. मी खोकले, आचके दिले आणि पेटले.

दवाखान्याच्या आवारात त्याने लाल बटण दाबलं आणि तिला उचलून आत धावला.

डॉक्टरांनी रक्त चढवायला हवं म्हणून घरच्यांना आणायला सांगितलं. अमर बाहेर आला. सेल्फ दाबला. टक्.

त्याने पाय उगारला आणि तसाच थांबला. चाबी चालूवर होती. मागचा दिवा विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसत होता. तो त्याच्याकडे पाहत राहिला.

"म्याच केलं," तो म्हणाला. "दोन्ही बारी म्याच."

त्याने पाय खाली घेतला, चाबी फिरवून काढली आणि माझ्या फुटक्या आरशाला कपाळ टेकून हमसून रडला. औषध घ्यायला आलेले गावचे मुखरूभाऊ जवळ आले. "चाल बाबू, माह्या गाडीवर बस. रडणं मंग." दोघे रक्त देणारी माणसं आणायला गेले.

डिंपल वाचली. तिचा एक डोळा गेला, उजव्या हाताची मूठ नीट वळत नाही. लवकर पोचलो असतो तर हात सुधारला असता का, हे अमरने डॉक्टरांना कधी विचारलं नाही. मला वाटतं, त्याला उत्तराची भीती वाटते.

माझी बॅटरी आता नवी आहे. अमर अंगणात मला चाबीने बंद करतो, चाबी काढतो आणि आत जाऊन डिंपलच्या तळहातावर ठेवतो. ती बोटं आवळते. मूठ जेवढी मिटते तेवढी मिटते.

मित्रांनो, लाल बटण मला फक्त गप्प करतं. मला झोपवायचं असेल तर चाबी फिरवा, दिवा विझल्याचं डोळ्यांनी पाहा आणि मगच जा. परत याल तेव्हा कुणाला घेऊन पळावं लागेल, हे जाताना कुणालाच माहीत नसतं.